जुने नाव, नवीन नाव

पनवेलच्या परीक्षा केंद्रात नूतनने पर्स, घड्याळ आणि मोबाईल लॉकरमध्ये ठेवला आणि टेबलामागे बसलेल्या बाईंसमोर पॅन कार्ड ठेवलं. बाईंनी कार्ड बघितलं, मग स्क्रीन बघितली, मग पुन्हा कार्ड. स्क्रीनवर परीक्षार्थीचं नाव होतं नूतन गुणाजी मरवडे. कार्डावर होतं सुरभी मितेश शिगवण.

नूतन थोडी तयारीत आली होती. तिने जुन्या पॅन कार्डाची झेरॉक्स पुढे केली. दोन्ही कार्डांवरचा नंबर एकच आहे हे बोट ठेवून दाखवलं. लग्नात नाव बदललं, माणूस तोच आहे, असं शांतपणे सांगितलं. बाईंनी झेरॉक्स नीट वाचली आणि कुणाला तरी फोन लावला. तिकडचं बोलणं त्या बराच वेळ ऐकत होत्या.

"मॅडम, नंबर जुळतोय, पण आम्हाला नाव जुळवायला सांगितलंय," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "नुसतं आडनाव बदललं असतं तर मी अजून एकदा विचारलं असतं. इथे पहिलं नावच वेगळं आहे."

नूतनने लॉकर उघडून सामान काढलं आणि ती जिना उतरून रस्त्यावर आली. चार महिने तिने या परीक्षेचा अभ्यास केला होता. तो बहुतेक पेण ते रोहा या गाडीच्या प्रवासातच झाला होता, जाताना नवा धडा आणि येताना सराव प्रश्न. प्रमाणपत्राची मुदत संपायला अजून अडतीस दिवस होते.

तिचं काम रोह्याजवळच्या एमआयडीसीतल्या एका रसायन कंपनीत होतं. कंपनीतले सगळे संगणक, कॅमेरे, गेटवरचा ट्रकांचा वजनकाटा, कंट्रोल रूमचे स्क्रीन ज्या जाळ्याने एकमेकांना जोडलेले होते ते जाळं ती सांभाळायची. या कामाचं प्रमाणपत्र एक परदेशी कंपनी देते. ते तीनच वर्षं चालतं. तारीख उलटण्याआधी पुन्हा परीक्षा पास झालं तर ते पुढे तीन वर्षं चालू राहतं. एक दिवस जरी उशीर झाला तरी सगळं संपतं आणि खालच्या परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. नूतनने पहिली परीक्षा बाविसाव्या वर्षी दिली होती. तेव्हा ती निडीला आईवडिलांकडे राहायची. त्यानंतर दर तीन वर्षांनी तिने मुदत वाढवली होती, एकदा मुलगी पोटात असताना आणि एकदा तापात.

नावाची अडचण तिला कधी आली नव्हती, कारण पॅन कार्ड तिने माहेरच्या नावाचंच ठेवलं होतं. आधार कार्ड मात्र लग्नानंतर सासरच्या रेशन कार्डावरून निघालं आणि त्यावर सुरभी आलं. पुढे पॅन आणि आधार जोडायची सक्ती झाली, नावं जुळेनात, पगार अडायची वेळ आली, तेव्हा तिने पॅन बदलून घेतलं. नवीन कार्ड आलं त्या दिवशी तिने जुनं कात्रीने मधोमध कापून टाकलं. जुनी कार्डं, जुने पासवर्ड मागे ठेवायचे नाहीत ही तिची ऑफिसातली शिस्त होती. परीक्षेला दर वेळी आपण तेच कार्ड दाखवतो, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही.

सुरभी हे नाव सासूबाईंनी ठेवलं होतं. काशीबाईंच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्यांच्या धाकट्या मुलीचं नाव नूतनच होतं, आणि एका घरात दोन नूतन झाल्या तर हाक कुणाला मारली ते कळणार नाही, एवढंच कारण होतं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून मितेशने अंगठीने सुरभी असं लिहिलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. पुढच्याच वर्षी नणंदेचं माणगावला लग्न झालं. तिच्या सासरी तिचंही नाव बदललं. तेव्हापासून पेणच्या त्या घरात नूतन नावाचं कुणीच उरलं नव्हतं.

नूतनलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. घरात सुरभी, शेजारी सुरभी, पुढे रोह्याच्या कंपनीत लागली तेव्हा तिथेही सुरभी मॅडम. नूतन म्हणणारी दोनच माणसं राहिली होती, निडीचे आईवडील. आणि त्यांच्याशिवाय ती प्रमाणपत्रं.

दुसऱ्या दिवशी तिने परीक्षा घेणाऱ्या कंपनीला मेल लिहिला. तीन दिवसांनी उत्तर आलं. नाव दुरुस्त करता येईल, त्यासाठी दोन्ही नावांचा संबंध दाखवणारा सरकारी कागद पाठवावा. शेवटी एक ओळ होती. दुरुस्ती झाल्यावर आजवरची सगळी प्रमाणपत्रं नवीन नावाने दिसू लागतील आणि जुनं नाव नोंदीत कुठेही राहणार नाही.

ही ओळ तिने गाडीत दोनदा वाचली आणि रोहा आल्यावर फोन पर्समध्ये टाकला.

तिचे साहेब कमळाकर बारटक्के निवृत्तीला आले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या महिन्यात कंपनीत ऑडिट होतं आणि नेटवर्कची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचं प्रमाणपत्र चालू असावं लागतं, हे दोघांनाही माहीत होतं. बारटक्के साहेबांना यात फार काही अवघड वाटलं नाही. लग्नाचा दाखला काढ, पाठवून दे, दहा दिवसांत काम होईल, असं ते म्हणाले. आपल्यानंतर ही खुर्ची तिलाच मिळावी असं त्यांनी वर कळवलंही होतं.

लग्न निडीला मांडवात झालं होतं, म्हणून नोंदही तिथलीच होती. नूतनने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि रोह्याहून परतीच्या गाडीने निडीला उतरली. ग्रामसेवकाने जुनी नोंदवही शोधून काढली आणि तिच्यासमोर पान उघडलं. वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचे पत्ते, साक्षीदार, सगळं वडिलांच्या वळणदार अक्षरात भरलेल्या अर्जावरून उतरवलेलं होतं. विवाहानंतरचे नाव या रकान्यात काही नव्हतं. ग्रामसेवकाने मूळ अर्जही काढून दाखवला. त्यातही ती जागा कोरीच होती. तो म्हणाला की दाखला आत्ता देतो, पण त्यात सुरभी हे नाव कुठेच येणार नाही. नाव बदलल्याचा पुरावा हवा असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी लागेल.

नूतन घरी गेली. गुणाजी पडवीत बसून वालाचं बी निवडत होते. आई मालू आतून पाणी घेऊन आली आणि मधल्या दिवशी ही कशी आली म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिली. नूतनने कोऱ्या रकान्याबद्दल विचारलं. गुणाजींना ते लगेच आठवलं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, पण त्यांना विचार करावा लागला नाही.

"नाव ठावं व्हतं मला," ते म्हणाले. "पन लिवायला हात झाला नाय. म्हटलं राहू दे कोरं. कुनी इचारलं तर लिवू. कुनी इचारलंच नाय."

त्यांनी बी निवडणं थांबवलं नव्हतं. आपल्यामुळे तुझं काम अडलं का, असं त्यांनी थोड्या वेळाने विचारलं. नूतन नाही म्हणाली. मालूने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, वालाचं बिरडं आणि सुकट. जेवताना कुणीच नावाचा विषय काढला नाही. भाताची कापणी, शेजारच्या घरातलं आजारपण असंच बोलणं झालं. गुणाजी तिला स्टेशनपर्यंत सोडायला आले आणि गाडी दिसेपर्यंत तिच्याबरोबर उभे राहिले.

पेणला उतरल्यावर ती घरी न जाता बाजारातल्या ई-सेवा केंद्रात गेली. ते दिशा नावाची एक बाई चालवायची. नूतनच्या मुलीचे शाळेचे दाखले तिनेच काढून दिले होते. राजपत्राचा अर्ज तिला पाठ होता. तिने स्क्रीन उघडली, लग्न हे कारण निवडलं आणि विचारलं की जुनं नाव काय.

दिशाने मान वर करून पुन्हा विचारलं.

"जुनं नाव सुरभी मितेश शिगवण," नूतन म्हणाली. "नवीन नाव नूतन गुणाजी मरवडे."

दिशाला वाटलं ताईंनी उलट सांगितलं. तसं नाही हे कळल्यावर तिने कीबोर्डवरचे हात काढून घेतले. प्रमाणपत्रावरचं नाव बदलायचं असेल तर एवढ्या एका राजपत्रावर काम होईल, तीन आठवड्यांत येईल, असं तिने समजावून सांगितलं. पण अशा पद्धतीने केलं तर राजपत्र आल्यावर आधार बदलावं लागेल, मग पॅन, बँक, पीएफ. नुसत्या आधारालाच महिनाभर लागू शकतो. आणि लग्न हे कारणही चालणार नाही, दुसरं लिहावं लागेल.

नूतनने मनात दिवस मोजले. एकतीस उरले होते. ते पुरणार नाहीत हे तिला कळत होतं. हे असं आपण ठरवून आलो नव्हतो हेही तिला कळत होतं. गाडीत निडी ते पेण ती फक्त त्या मेलमधल्या शेवटच्या ओळीचा विचार करत होती. कंपनीत यंत्रांमध्ये काय काय घडलं त्याची नोंद आपोआप होत असते. कुणाची चूक झाली असली तरी त्या नोंदीत मागे जाऊन कुणी हात घालत नाही. नवीन काही झालं तर खाली नवीन ओळ येते. बाविसाव्या वर्षी जी मुलगी पनवेलला जाऊन परीक्षा पास झाली ती सुरभी नव्हती. सुरभी तेव्हा कुणी नव्हतंच.

कारणाच्या जागी तिने वैयक्तिक असं लिहायला सांगितलं.

घरी आल्यावर तिने आधी मितेशला सांगितलं. मितेश जोह्याच्या एका गणपती कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. पातळ ब्रश धरून दिवसभर बसल्यामुळे तो घरी आला की आधी पाठ टेकून पडायचा. आज तो उठून बसला. आडनावही का, असं त्याने विचारलं. प्रमाणपत्रावर जसं आहे तसंच अक्षर न अक्षर लागतं, हे तिने सांगितलं. मग त्याने जरा फिरवून विचारलं की तिला घरात काही खुपतं का, कुणी काही बोललं का. नूतन म्हणाली की तसं काहीच नाही, त्याच्याशी लग्न करून ती सुखात आहे, आणि हे तिने त्याला इतक्या सरळ शब्दांत पहिल्यांदाच सांगितलं. मितेशलाही ते जाणवलं. तांदळात लिहायचं नाव आपल्याला आदल्या संध्याकाळी कळलं होतं, असं तो म्हणाला. आपण कुणाला काही विचारलं नाही. मग तो पुन्हा आडवा झाला आणि म्हणाला, त्याची काही हरकत नाही, पण आईला तिनेच सांगावं.

काशीबाई स्वयंपाकघरात भिजवलेले वाल सोलत होत्या. नूतन त्यांच्यासमोर बसली, तिनेही मूठभर वाल घेतले आणि सोलता सोलता सगळं सांगितलं. काशीबाईंचे हात थांबले नाहीत. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "मी ठेवलेलं नाव वाईट व्हतं का गो?"

"नाय, आई. चांगलं हाय. मला आवडतं."

"मंग?"

"परीक्षा मी त्या नावानं दिल्या. आता ते खोडून त्याच्यावर हे लिवनार. मला तसं नको."

"तवा का नाय बोललीस?"

"तवा कुनी इचारलं नाय. आनि मला बी काय सुचलं नव्हतं."

काशीबाईंनी टरफलं गोळा केली, सोललेल्या वालांत पाणी घातलं आणि भांडं ओट्यावर नेऊन ठेवलं. लोक म्हणतील घरात काहीतरी बिनसलं, एवढंच त्या पाठमोऱ्या म्हणाल्या.

लोक म्हणालेच. राजपत्राची गोष्ट गल्लीत कशी पोचली ते कळलं नाही, पण समोरच्या सगुणाबाईंनी काशीबाईंना नळावर गाठून विचारलं की सून माहेरी जाणार आहे का. काशीबाईंनी त्यांना काय उत्तर दिलं ते त्यांनी घरात सांगितलं नाही. त्या नूतनशी भांडल्या नाहीत, तिचा डबा भरायच्या, नातीची वेणी घालायच्या. फक्त तिला नावाने हाक मारणं त्यांनी बंद केलं. काही सांगायचं असलं की "अगो" म्हणायच्या, किंवा नुसत्या येऊन उभ्या राहायच्या. माणगावच्या मुलीचा फोन आला तेव्हा त्यांनी तिच्याकडे तक्रार केली. मुलगी हसली. माझ्या सासरी तर मी कधीकाळी नूतन होते हे पोरांनासुद्धा माहीत नाही, असं ती म्हणाली. काशीबाई हसल्या नाहीत.

राजपत्र वीस दिवसांनी आलं. नूतनने त्याच दुपारी आधारचा अर्ज भरला. आठ दिवसांनी तो परत आला. तिने स्वतः केलेल्या स्कॅनमध्ये पानाच्या कडेची ओळ कापली गेली होती आणि अनुक्रमांक दिसत नव्हता. तिने पुन्हा नीट स्कॅन करून अर्ज भरला. मधल्या काळात मुदतीची तारीख आली. त्या दिवशी ती नेहमीसारखी सकाळी उठली, डबा घेतला, गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. कासूच्या पुढे तिने फोनवर आपलं खातं उघडून बघितलं. सगळ्या प्रमाणपत्रांपुढे मुदत संपली असं लिहिलेलं होतं. नाव मात्र नूतन गुणाजी मरवडे असंच होतं. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

बारटक्के साहेब रागावले. त्यांचा राग आवाजात यायचा नाही, ते फक्त समोरच्याला बसायला सांगायचे नाहीत. तीन आठवड्यांत झालं असतं ते काम तिने हाताने बिघडवलं, असं ते म्हणाले. नूतनने त्यांना नोंदीचं सांगून पाहिलं. आपण यंत्रातली जुनी नोंद बदलतो का, असं विचारलं. बदलत नाही, हे साहेबांनी मान्य केलं. पण ऑडिटवाल्याला हे सांगता येणार नाही, असं म्हणून त्यांनी यादी पुढे ओढली आणि जबाबदार व्यक्ती या ठिकाणी मृणालीचं नाव घातलं.

मृणाली दोन वर्षांपूर्वी लागली होती. तिला काम नूतननेच शिकवलं होतं. तिचं प्रमाणपत्र नवं कोरं होतं, अजून दोन वर्षं चालणारं. यादी लागल्यावर ती नूतनच्या टेबलापाशी आली आणि हे आपण मागितलं नव्हतं असं म्हणाली. नूतनला ते माहीत होतं.

ऑडिट पार पडलं. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी गेटजवळचा काटा बंद पडला. ट्रक उभे राहायला लागले, रांग रस्त्यावर गेली. मृणालीने कंट्रोल रूममधून सगळं तपासलं आणि तिला काही सापडेना. मग तिने नूतनला बोलावलं. नूतन काट्याच्या केबिनमध्ये गेली, टेबलाखाली वाकली, आणि तिला दिसलं की कुणीतरी पंख्याची वायर सरकवताना एका केबलची दोन्ही टोकं केबल जोडायच्या एकाच पेटीत खोचली होती. माहिती बाहेर जायच्या ऐवजी त्या पेटीतच गोल फिरत होती. तिने एक टोक काढलं. मिनिटभरात काटा सुरू झाला आणि पहिला ट्रक पुढे सरकला.

संध्याकाळी घटनेचा अहवाल लिहायचा होता. नूतनने तो लिहिला. सही मात्र मृणालीची लागणार होती. मृणालीने पेन हातात घेतलं आणि ती थांबली. नूतन तिला म्हणाली की कर सही, नियम तसाच आहे. सही झाल्यावर नूतन बाहेर नळावर गेली आणि तिने तोंडावर पाणी मारलं. मुदत संपल्याच्या दिवशी जे रडू आलं नव्हतं ते तिला तिथे आलं. दोन-तीन मिनिटं ती तशीच उभी राहिली. मग ओढणीने चेहरा पुसून ती गाडी पकडायला निघाली.

नवीन आधार दिवाळीनंतर आलं. पाठोपाठ पॅन आलं. नूतनने खालची परीक्षा डिसेंबरमध्ये दिली आणि ती सहज पास झाली. तिथे विचारलेलं सगळं ती रोज हाताने करत होती. वरची परीक्षा मात्र बदलली होती. अर्धा अभ्यासक्रम नवीन होता. जे काम ती एकेका पेटीपाशी जाऊन करायची ते आता छोटे प्रोग्राम लिहून एकदम करायचं, असे प्रश्न होते. फेब्रुवारीत ती थोडक्यात नापास झाली.

हे तिने सासरी सांगितलं नाही, पण काशीबाईंना तिच्या चेहऱ्यावरून कळलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा झाल्यावर त्या नातीला घेऊन मागच्या अंगणात जायला लागल्या, म्हणजे पुढची खोली तासभर मोकळी राहायची. हे आठ दिवस झाल्यावर नूतनच्या लक्षात आलं.

प्रोग्राम लिहायला मृणालीने शिकवलं. कॉलेजात तिने ते केलं होतं. दोघी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसायच्या आणि मृणाली लॅपटॉप वळवून एकेक ओळ समजावायची. नूतनला सुरुवातीला काही केल्या जमेना. स्वल्पविराम राहायचा, कंस उघडा राहायचा. एकदा तिने लिहिलेल्या चार ओळींनी कंपनीतल्या तीस पेट्यांची माहिती एका झटक्यात काढून दिली, तेव्हा ती जेवायची थांबली आणि तिने तो प्रोग्राम पुन्हा चालवून बघितला.

याच दिवसांत एका सकाळी काशीबाई देवापुढे बसलेल्या असताना गॅसवरचं दूध वर आलं. नूतन पुढच्या खोलीत होती. काशीबाईंनी आतून हाक मारली, "सुरभी, दूध बघ गो." नूतन धावत गेली आणि तिने गॅस बंद केला. दूध थोडंसं सांडलं होतं. काशीबाई उठून आल्या, ओटा पुसायला लागल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नूतनकडे बघितलं.

"मला दुसरं तोंडात बसायचं नाय आता," त्या म्हणाल्या.

"सुरभीच म्हना," नूतन म्हणाली. "घरात मी सुरभीच हाय."

त्यानंतर काशीबाई तिला पुन्हा नावाने हाक मारू लागल्या. मितेशने तर कधी सोडलंच नव्हतं. सगुणाबाईंनी एकदा विचारलं की मग त्या सगळ्या कागदांचा उपयोग काय झाला. ते तिच्या कामाचं आहे, तुला-मला त्यातलं काय कळतं, असं काशीबाईंनी त्यांना सांगितलं. हे मात्र त्यांनी घरी येऊन नूतनला ऐकवलं.

एप्रिलमध्ये नूतन वरची परीक्षा पास झाली. मार्क फार पडले नाहीत, पण पुरेसे पडले. परत येताना तिने गाडीतूनच निडीला फोन केला. मालूने फोन उचलला आणि ती गुणाजींना बोलवायला शेतावर माणूस पाठवायला निघाली. नूतन म्हणाली, घाई नाही, संध्याकाळी सांग.

बारटक्के साहेब मार्चअखेर निवृत्त झाले होते आणि त्यांच्या खुर्चीवर मृणाली बसत होती. यादीतलं नाव पुढच्या ऑडिटपर्यंत बदलणार नव्हतं, आणि तेव्हाही बदलेल असं कुणी सांगितलं नव्हतं. नूतनने प्रमाणपत्राची प्रत ऑफिसात जमा केली. तिथल्या माणसाने फाइल काढली, फाइलवर सुरभी मॅडम असं लिहिलेलं होतं. त्याने ते तसंच ठेवून खाली कंसात दुसरं नाव लिहिलं आणि मग राजपत्राची प्रत मागितली. ती तिने बरोबर आणली होती.

बाहेर मृणाली तिची वाट बघत होती. पावसाआधी गेटपर्यंतची जुनी केबल काढून नवी टाकायची होती, कंत्राटदाराची माणसं आली होती आणि चर कुठून खणायचा ते दाखवायला कुणीतरी हवं होतं. तिथे खाली पाण्याची लाईन कुठून जाते ते नूतनलाच माहीत होतं. तिने हेल्मेट चढवलं आणि दोघी उन्हातून गेटकडे निघाल्या.